मंदीचे शकुन आणि आपली पुंजी

दिवाळी अंक हातात पडला की पुष्कळ वाचक तो मागून उघडतात. कथा, कविता सावकाश वाचता येतात. वार्षिक राशिभविष्याला मात्र तेवढा धीर नसतो. धनस्थानी गुरू आहे की शनी, हे पाहिल्यावाचून काहींना चकलीलाही चव लागत नाही. यात हसण्यासारखे काही नाही. येणारे वर्ष आपल्या संसाराला कसे जाईल, ही विवंचना माणसाइतकीच जुनी आहे.

मौज अशी की, हल्ली घरोघर एक नवेच राशिभविष्य वाचले जाऊ लागले आहे. ते वर्तमानपत्राच्या अर्थविषयक पानावर येते आणि मोबाइलवर तर दिवसातून दहादा येते. त्यात ग्रह नसतात, आकडे असतात. अमेरिकेत व्याजाची रेषा उलटी झाली, बेकारी अर्ध्या टक्क्याने वाढली, तांब्याचा भाव पडला, आणि शेवटी ते काळजात धस्स करणारे वाक्य: ‘मंदी येणार!’ पूर्वी असल्या बातम्यांनी दलाल स्ट्रीटवरच्या मंडळींची झोप उडत असे. आता ती आपल्या आळीतही उडते. कारण मध्यमवर्गीय कुटुंबांची पुंजी पोस्टातून आणि बँकेतून निघून म्युच्युअल फंडांच्या वाटेने शेअरबाजारात जाऊन बसली आहे. मुलीचे शिक्षण, घराचे हप्ते, म्हातारपणची सोय हे सारे त्या वरखाली होणाऱ्या रेषेला टांगलेले आहे.

मी काही अर्थशास्त्रज्ञ नव्हे. पस्तीस वर्षे एका बँकेच्या कर्जखात्यात काढली, लोकांचे हिशेब तपासले आणि निवृत्त झालो. पण या नव्या शकुनांविषयी इतके शेजारी मला इतक्यांदा विचारतात, की त्यांचा एकदा नीट झाडा घ्यावा असे वाटले. यातला कोणता शकुन खरा, कोणता नुसता गलबला, आणि खरा ठरला तरी आपण त्याचे काय करावे, एवढेच या लेखात पाहायचे आहे.

शब्द एक, प्रकार दोन

पहिला घोटाळा शब्दापासूनच सुरू होतो. मराठीत ‘मंदी’ हा शब्द आपण दोन अगदी निराळ्या गोष्टींना वापरतो. शेअरबाजारात भाव उतरू लागले की ती मंदी. तिच्यावर पैसे लावणारे ते मंदीवाले. आणि देशातले कारखाने, दुकाने, वाहतूक, नोकऱ्या हे सारेच आखडू लागले की तीही मंदीच. पहिली मंदी एका दुपारी येऊन दुसऱ्या दिवशी जाऊ शकते. दुसरी यायला महिने लागतात आणि जाताना ती पुष्कळांची चूल थंड करून जाते. दोघी एकमेकींच्या नात्यातल्या खऱ्या, पण नेहमी हात धरून चालतातच असे नाही.

दुसरी मंदी आली हे ठरवायचे कसे? सोपा ठोकताळा असा की, देशाचे एकूण उत्पादन लागोपाठ दोन तिमाह्या घटले की मंदी झाली असे समजावे. पण ठोकताळा तो ठोकताळाच. अमेरिकेत २०२२ च्या पहिल्या दोन्ही तिमाह्यांत उत्पादन घटल्याचे आकडे आले आणि एकच ओरड झाली. पुढे २०२४ साली हिशेब सुधारले, तेव्हा दुसऱ्या तिमाहीतली घट नाहीशी होऊन तिथे किंचित वाढ दिसू लागली! दोन वर्षे ज्या मंदीवर वाद झाले, ती कागदावरूनही पुसली गेली.

त्या देशात मंदीची अधिकृत तिथी ठरवण्याचे काम नॅशनल ब्युरो ऑफ इकॉनॉमिक रिसर्च या संस्थेची समिती करते. ती घाई करीत नाही. मंदी डिसेंबर २००७ मध्ये सुरू झाली, हे तिने जाहीर केले १ डिसेंबर २००८ रोजी. तोवर लेमन ब्रदर्स ही जुनी पेढी बुडून अडीच महिने लोटले होते आणि न्यूयॉर्कचा शेअरबाजार निम्म्यावर आला होता. पाऊस पडून नदीला पूर येऊन गेल्यावर वेधशाळेने पावसाळा सुरू झाल्याचे कळवावे, त्यातलाच हा प्रकार. समितीला दोष देण्याचे कारण नाही. खात्रीचे निदान हवे तर वेळ लागतो. पण म्हणूनच माणसे आगाऊ शकुन शोधू लागतात.

कापसाने चढवले, कापसाने उतरवले

शकुन न पाहणाऱ्यांचे काय होते, याचा पहिला मोठा धडा मुंबईने दीडशे वर्षांपूर्वी गिरवला आहे. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेकडच्या बंदरांची कोंडी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला. त्यांची नजर आपल्याकडे वळली. कापसाचे भाव असे कडाडले की लोकांनी घरातल्या गाद्या उसवून कापूस विकल्याच्या कथा मुंबईत अजून सांगतात. टाउन हॉलसमोरच्या वडांच्या सावलीत उभे राहून सौदे करणाऱ्या दलालांना दिवस पुरेना.

आलेला पैसा कुठेतरी जायला हवा होता. नव्या बँका निघाल्या, समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या निघाल्या. बॅक बे रेक्लमेशन कंपनीचा पाच हजार रुपयांचा शेअर पन्नास हजारांपर्यंत चढला. बँक ऑफ बॉम्बेचा शेअर २,८५० रुपयांना जाऊ लागला. प्रेमचंद रायचंद हे या बाजाराचे अनभिषिक्त राजे होते. ज्या कंपनीवर त्यांचा हात, तिचा शेअर सोन्याचा, अशी समजूत होती.

एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतले युद्ध संपल्यात जमा झाले. तिकडचा कापूस पुन्हा येणार हे कळताच इथले भाव कोसळले. मुदतीचे सौदे १ जुलै १८६५ रोजी पुरे करायचे होते. तो दिवस उजाडला तेव्हा घेणारे पुष्कळ आणि देणारा कोणी नाही, अशी अवस्था झाली. बँक ऑफ बॉम्बेच्या शेअरला पुढे ८७ रुपये मिळणे मुश्कील झाले आणि ती बँकही बुडाली. प्रेमचंदांचे वैभव गेले. त्यांनी विद्यापीठाला आधीच दिलेल्या दोन लाख रुपयांतून त्यांच्या मातोश्रींच्या नावाचा राजाबाई टॉवर मात्र उभा राहिला. तो १८७८ साली पुरा झाला आणि आजही वेळ दाखवतो आहे.

या गोष्टीतली मेख ध्यानात घेण्याजोगी आहे. खरा शकुन वडाखाली नव्हताच. तो होता कापसाच्या भावात, आणि त्या भावाचे मूळ होते हजारो कोस दूर चाललेल्या एका लढाईत. ज्याच्या जिवावर सारे फुगले आहे, ती एक गोष्ट कोणती आणि ती उद्या संपली तर काय, हा प्रश्न त्या चार वर्षांत फारच थोड्यांनी विचारला. आजही तेजीच्या दिवसांत तो प्रश्न विचारणारा माणूस जेवणाच्या पंगतीत नकोसा होतो.

आपली मंदी आभाळातून येई

पाश्चात्त्यांच्या मंदीची चर्चा करताना आपण एक विसरतो. स्वतंत्र भारतात पुष्कळ वर्षे मंदीचा शकुन व्याजाच्या दरात नव्हे, तर आभाळात दिसत असे. कावळ्याने घरटे झाडाच्या कोणत्या बाजूला बांधले, पावशा केव्हा ओरडला, मृगाचे किडे दिसले की नाही, यावर शेतकरी आपले अंदाज बांधी. सहदेव-भाडळीची वचने पाठ असत. शहरातली मंडळी याला अडाणीपणा म्हणत. पण अर्थशास्त्राच्या दृष्टीनेही त्या काळी यापरता महत्त्वाचा दर्शक दुसरा नव्हता!

१९५७-५८, १९६५-६६, १९७२-७३ आणि १९७९-८० या चार वर्षी देशाचे एकूण उत्पादन वाढण्याऐवजी घटले, आणि चारही वेळा पावसाने दगा दिला होता. १९७९ साली त्यात खनिज तेलाच्या भडकलेल्या भावाची भर पडली. बाहात्तरच्या दुष्काळाची आठवण महाराष्ट्राला वेगळी करून द्यायला नको. सुकडीची पाकिटे, खडी फोडणारी माणसे आणि गावोगाव सुरू झालेली पाझर तलावांची कामे ज्यांनी पाहिली, त्यांना मंदी म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावे लागले नाही. त्याच अनुभवातून रोजगार हमी योजना उभी राहिली. हाताला काम आणि कामाला दाम देऊन मंदीची धार बोथट करण्याचा तो मोठा प्रयोग होता. पुढे साऱ्या देशाने त्याचा कित्ता गिरवला.

त्यानंतर चित्र बदलत गेले. देशाच्या उत्पन्नात शेतीचा वाटा कमी झाला, कारखाने आणि सेवा वाढल्या. १९८७, २००२ आणि २००९ या साली पावसाने मोठी ओढ दिली, तरी एकूण उत्पादन त्या वर्षांत वाढलेच. शेतकऱ्याचे हाल कमी झाले असे नव्हे. देशाची तागडी मात्र पूर्वीसारखी कलली नाही. मग चाळीस वर्षांनी, २०२०-२१ साली, उत्पादन पुन्हा घटले. सुमारे पावणेसहा टक्क्यांनी घटले. कारण आभाळात नव्हते की बाजारात नव्हते. एका विषाणूने साऱ्यांना घरात कोंडले होते, आणि याचा शकुन कोणत्याही तक्त्यात आधी दिसला नव्हता.

व्याजाची रेषा उलटी होते म्हणजे काय

आता त्या फार बोलबाल्याच्या शकुनाकडे वळू. आपण बँकेत मुदतठेव ठेवतो, तेव्हा साधी अपेक्षा अशी की लांब मुदतीला व्याज जास्त मिळावे. पैसा दहा वर्षे अडकून पडणार, तर त्याचा मोबदला दोन वर्षांच्या ठेवीपेक्षा अधिक हवा. सरकारी कर्जरोख्यांचेही तसेच. एरवी दहा वर्षांच्या रोख्यावर दोन वर्षांच्या रोख्यापेक्षा जास्त परतावा मिळतो.

पण कधीकधी हे उलटे होते. महागाई आवरण्यासाठी मध्यवर्ती बँक व्याजाचे दर भराभर वाढवते, त्यामुळे अल्प मुदतीचे व्याज वर जाते. त्याच वेळी मोठ्या गुंतवणूकदारांना वाटू लागते की इतके महाग व्याज धंद्याला सोसणार नाही, धंदा थंडावेल आणि मग दर खाली येतील. तेव्हा आजचे चढे व्याज दहा वर्षांसाठी बांधून घ्यावे म्हणून ते लांब मुदतीचे रोखे घेत सुटतात. मागणी वाढली की रोख्याची किंमत वाढते, आणि किंमत वाढली की परतावा घटतो. शंभर रुपयांच्या ज्या रोख्यावर वर्षाला सात रुपये मिळतात, तो एकशेदहाला घेतला तर तेच सात रुपये साडेसहा टक्क्यांच्याही खाली जातात. अशा रीतीने लांब मुदतीचा परतावा अल्प मुदतीच्या खाली जातो. यालाच व्याजाची रेषा उलटी झाली असे म्हणतात.

कॅम्पबेल हार्वे या विद्यार्थ्याने १९८६ साली शिकागो विद्यापीठातल्या आपल्या प्रबंधात हा शकुन मांडला. पुढच्या मंद्यांपूर्वी ही रेषा खरोखरच उलटी झाली आणि शकुनाचा दरारा वाढला. पण दराऱ्यालाही दृष्ट लागते. अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने मार्च २०२२ ते जुलै २०२३ या काळात आपला दर जवळजवळ शून्यावरून सव्वापाच ते साडेपाच टक्क्यांवर नेला. जुलै २०२२ पासून दोन आणि दहा वर्षांच्या रोख्यांची रेषा उलटी झाली, ती सप्टेंबर २०२४ पर्यंत उलटीच होती. दोन वर्षांहून अधिक काळ साऱ्या जगाचे पंडित मंदीची वाट पाहत बसले. त्या सबंध काळात अमेरिकेत मंदी काही जाहीर झाली नाही. उलट तिथला पाचशे कंपन्यांचा निर्देशांक, जो ऑक्टोबर २०२२ मध्ये ३,५७७ पर्यंत उतरला होता, तो २०२४ च्या अखेरीस ५,८८२ वर होता. शकुन पाहून ज्यांनी शेअर विकले, ते घरी बसून इतरांची वरात पाहत राहिले.

भारतात या शकुनावर आणखी कमी विसंबावे. आपल्याकडे बँकांना कायद्याने ठरावीक प्रमाणात सरकारी रोखे बाळगावे लागतात. विमा आणि भविष्यनिर्वाह निधींचा पैसाही तिकडेच जातो. ज्या बाजारात गिऱ्हाइकाला माल घ्यावाच लागतो, तिथल्या भावावरून गिऱ्हाइकाच्या मनातले ओळखणे अवघड.

अर्ध्या टक्क्याचा नियम आणि एक सोमवार

दुसरा शकुन नोकऱ्यांचा. क्लॉडिया साम या अमेरिकन अर्थतज्ज्ञ बाईंनी २०१९ साली एक सुटसुटीत नियम मांडला. बेकारीच्या दराची तीन महिन्यांची सरासरी घ्यावी; ती आधीच्या बारा महिन्यांतल्या नीचांकापेक्षा अर्ध्या टक्क्याने किंवा अधिक वर गेली, तर मंदी सुरू झाली असे समजावे. यामागचा विचार व्यवहारी आहे. बेकारी एकदा वाढू लागली की ती स्वतःलाच वाढवते. एकाची नोकरी गेली की त्याची खरेदी थांबते, त्यामुळे दुकानदाराचा धंदा बसतो, आणि मग दुकानदार आपला एक नोकर कमी करतो.

२ ऑगस्ट २०२४ रोजी अमेरिकेच्या बेकारीचा आकडा ४.३ टक्के आला आणि साम यांच्या नियमाची घंटा वाजली. सोमवारी, ५ तारखेला, टोकियोचा निक्केई निर्देशांक एका दिवसात बारा टक्क्यांहून अधिक कोसळला. जपानमध्ये व्याजाचे दर वाढले होते आणि तिथून स्वस्तात कर्ज काढून जगभर गुंतवणूक करणाऱ्यांची पळापळ झाली, हेही त्याचे मोठे कारण होते. आपला सेन्सेक्स त्या दिवशी २,२२२ अंकांनी उतरला.

त्या संध्याकाळी आमच्या इमारतीतले एक निवृत्त मास्तर वहिनींना घेऊन आमच्याकडे आले. त्यांच्या ग्रॅच्युइटीच्या पैशांतला मोठा हिस्सा म्युच्युअल फंडात होता. नात बारावीला होती. पुढच्या वर्षी तिला अभियांत्रिकीला घालायचे ठरले होते.

“साहेब, उद्या सकाळी सगळे विकून टाकतो,” मास्तर म्हणाले. “अमेरिकेत मंदी आली म्हणतात.”

मी म्हणालो, “मास्तर, मंदी आली की नाही ते राहू द्या. यातले किती पैसे तुम्हाला केव्हा लागणार आहेत, ते आधी सांगा.”

मास्तर घुटमळले. वहिनींनी मात्र बोटांवर हिशेब केला. “पहिल्या दोन वर्षांची फी आणि वसतिगृहाचा खर्च, एवढे लवकर लागतील. बाकीचे आम्हाला सात-आठ वर्षे नकोत. पेन्शन आहे ना.”

“मग निम्मे उत्तर तुम्हीच दिलेत, वहिनी,” मी म्हटले. “दोन वर्षांच्या फीचे पैसे बाजारात असायलाच नकोत, आज तेजी असो की मंदी. ते काढून मुदतठेवीत ठेवा. बाकीच्यांना हात लावू नका.”

मास्तरांनी तसे केले. दुसऱ्याच दिवशी निक्केई दहा टक्क्यांवर उसळला. अमेरिकेत मंदी काही जाहीर झाली नाही. खुद्द साम यांनीही बजावले होते की या खेपेस आकडा फसवा असू शकेल. लोकांना कामावरून काढल्यामुळे नव्हे, तर काम शोधणाऱ्या नव्या माणसांची संख्या वाढल्यामुळेही दर वर गेला होता. सप्टेंबर अखेरीस सेन्सेक्स ८५ हजारांच्या वर गेला. आणि गंमत पाहा, सारे शकुन शुभ असताना तिथून जी घसरण लागली, ती मार्च २०२५ च्या आरंभी ७३ हजारांवर येऊन थांबली. परदेशी गुंतवणूकदारांनी पैसा काढून घेतला होता आणि कंपन्यांचे नफे अपेक्षेइतके आले नव्हते. ज्या पावसाची भीती घातली तो पडला नाही, आणि जो पडला त्याची वर्दी कोणी दिली नव्हती. मास्तरांच्या नातीची फी मात्र मुदतठेवीत सुखरूप होती.

बाजार पुढे, आकडे मागे

पॉल सॅम्युएलसन या मोठ्या अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली थट्टेने लिहिले होते की, शेअरबाजाराने गेल्या पाच मंद्यांपैकी नऊ आधीच ओळखल्या! म्हणजे चार वेळा बाजार उगाचच घाबरला. ही थट्टा खरी आहे. जानेवारी २००८ ते मार्च २००९ या काळात आपला सेन्सेक्स सुमारे २०,९०० वरून ८,१६० वर आला, म्हणजे साठ टक्के उतरला. पण भारताच्या एकूण उत्पादनात त्या वर्षी घट झाली नाही. वाढीचा वेग तेवढा मंदावला.

तरी बाजाराचा एक गुण मान्य करायला हवा. तो आजचे पाहत नाही, उद्याचे पाहतो. २३ मार्च २०२० रोजी सेन्सेक्स एका दिवसात १३ टक्के कोसळून २५,९८१ वर आला. टाळेबंदीच्या त्या तिमाहीत देशाचे उत्पादन जवळजवळ २४ टक्क्यांनी घटल्याचा आकडा सरकारने ३१ ऑगस्टला जाहीर केला. तो भयानक आकडा लोकांच्या हाती पडला, तेव्हा सेन्सेक्स ३८ हजारांच्या वर जाऊन बसला होता. पुढच्या जानेवारीत त्याने ५० हजारांना हात लावला. मंदीचा पुरावा मिळाल्यावर शेअर विकीन आणि ती संपल्याचा पुरावा मिळाल्यावर घेईन, असे म्हणणारा माणूस दोन्ही वेळा गाडी सुटल्यावर स्टेशनात पोचतो.

गमतीचे शकुन

काही शकुन नुसते करमणुकीचे आहेत, पण त्यांतही माणसाच्या स्वभावाची पारख आहे. सौंदर्यप्रसाधनांच्या धंद्यातले लिओनार्ड लॉडर यांनी २००१ साली म्हटले की तंगीच्या दिवसांत लिपस्टिकचा खप वाढतो. मोठी हौस परवडत नाही म्हणून बायका छोटी हौस भागवतात. पुढे कोविडच्या काळात साऱ्या जगाने तोंडाला मुखपट्टी बांधली आणि हा शकुन ओठांवरच विरला. अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हचे अध्यक्ष राहिलेले अॅलन ग्रीनस्पॅन पुरुषांच्या अंतर्वस्त्रांच्या खपाकडे बोट दाखवीत, असे सांगतात. जो खर्च कोणाला दिसत नाही, तो पुरुष सर्वांत आधी लांबणीवर टाकतो. हे वाचून आमच्या घरात, “यासाठी मंदीची काय गरज!” असा शेरा मिळाला.

काउंटराआडून दिसलेल्या खुणा

माझ्या नोकरीत मी ज्या खुणा पाहिल्या, त्या यांहून साध्या होत्या. आमच्याकडून खेळते भांडवल घेणारे कारखानदार दरमहा गोदामातल्या मालाचे पत्रक देत. धंदा नीट चालला असला की माल येई आणि जाई. पत्रकात तयार मालाचा आकडा तीन महिने सारखा फुगत गेला, की समजावे, गिऱ्हाईक थबकले आहे. दुसरी खूण उधारीची. जो व्यापारी पंचेचाळीस दिवसांत पैसे देई तो साठ दिवस लावू लागला, मग नव्वद लावू लागला, की पुढे कुठेतरी गाडे अडले आहे हे नक्की. एकाचे पैसे अडकले की त्याच्या मागच्या दहा जणांचे अडकतात.

२००८ च्या दिवाळीनंतर असेच झाले. मोटारींचे सुटे भाग बनवणारा एक लघुउद्योजक दर शनिवारी पगारासाठी रोकड न्यायला येई. प्रथम रक्कम कमी झाली. विचारले तर म्हणाला, ओव्हरटाइम बंद केला. महिन्याने म्हणाला, तिसरी पाळी बंद केली. वर्तमानपत्रात अजून ‘मंदीचा भारतावर परिणाम होणार का?’ असे परिसंवाद चालले होते, आणि त्याच्या कारखान्यात त्याचे उत्तर येऊन बसले होते.

तेव्हा आकडे पाहायचेच असतील, तर मालाच्या आणि माणसांच्या जवळचे पाहावेत. विजेचा खप, रेल्वेची मालवाहतूक, मालमोटारींची विक्री, जीएसटीची जमा, कारखान्यांकडच्या नव्या मागण्या. खरेदी व्यवस्थापकांचा निर्देशांक म्हणून एक आकडा दरमहा येतो. तो पन्नासाच्या वर असला तर काम वाढते आहे, खाली गेला तर आखडते आहे, इतका तो सरळ आहे. आणि एका महिन्याच्या आकड्याने घाबरू नये. लागोपाठ तीन-चार महिने तीन-चार निरनिराळे आकडे एकाच दिशेने बोट दाखवू लागले, तर मात्र कान टवकारावेत.

मग आपण काय करावे?

शेतकरी पावशाची हाक ऐकतो, पण केवळ तिच्यावर विसंबून बसत नाही. तो बांध घालतो, बियाणे राखून ठेवतो, कणगीत वर्षाचे धान्य भरतो. आपणही तेच करावे. घरखर्चाचे निदान सहा महिन्यांचे पैसे बँकेत किंवा पोस्टात सहज काढता येतील असे असावेत. बँकेतल्या ठेवींना दर बँकेमागे पाच लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण २०२० पासून आहे. ते ध्यानात ठेवून ठेवी विभागाव्यात. जे पैसे तीन ते पाच वर्षांच्या आत लागणार, ते शेअरबाजारात ठेवू नयेत. घराचा हप्ता इतकाच असावा की घरातल्या एकाची कमाई काही महिने थांबली तरी तो भरता यावा. ज्या कंपनीत नोकरी, तिच्याच शेअरमध्ये सारी शिल्लक घालू नये. मंदीत नोकरी आणि पुंजी एकाच दिवशी जाण्याचा धोका त्यात असतो. आणि दरमहा फंडात जाणारे पैसे, ते जर लांबच्या काळासाठी असतील, तर एखाद्या वाईट सोमवारामुळे बंद करू नयेत.

यातली एकही गोष्ट करण्यासाठी मंदी केव्हा येणार हे ठाऊक असावे लागत नाही. तिची गरज तेजीतही असते. किंबहुना ती तेजीतच करून ठेवायची असते, कारण मंदीत करायला हाताशी पैसा नसतो.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मुंबईच्या शेअरबाजारात तासभर मुहूर्ताचे सौदे होतात. १९५७ पासूनची ही प्रथा आहे. त्या तासात भाव चढले की वर्ष चांगले जाणार, असे कित्येक जण मानतात. मानोत बिचारे, सणाचा दिवस आहे. पण त्याच दिवशी आपल्या घरीही वही उघडून बसावे आणि तिच्यात तीनच आकडे लिहावेत. हाताशी किती आहे, देणे किती आहे, आणि येत्या तीन वर्षांत कशाकशाला किती लागणार आहे. हे आकडे नवरा-बायको दोघांनी मिळून लिहावेत, आणि वहिनींसारखी बोटांवर मोजणारी घरात कोणी असेल तर तिला आधी विचारावे. व्याजाची रेषा मग सुलटी असो की उलटी, ती पाहून छातीत धडधड व्हायचे पुष्कळसे थांबेल.

वाचकांना ही दिवाळी सुखाची जावो, आणि येणारे वर्ष तेजीचे असो वा मंदीचे, कोणाच्याही घरातली चूल थंड न होवो.